प्रकाशकांनी परत पाठवलेल्या गोष्टींच्या खोक्यातून निघालं जगभर गाजलेलं पुस्तक. कोण होती वांडा गाग?

1908 सालचा मे महिना. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या न्यू उल्म नावाच्या छोट्या गावात एक चित्रकार क्षयाने अंथरुणाला खिळला होता. पदरात सात मुलं. थोरली मुलगी 15 वर्षांची, सगळ्यात धाकटी जेमतेम वर्षाची.

जाण्याआधी त्यांनी थोरलीला जवळ बोलावलं आणि सांगितलं, बापाला जे जमलं नाही ते आता वांडाला पुरं करावं लागेल.

पण बापाला जमलं नव्हतं ते नेमकं काय? सात मुलांना मोठं करणं, की मनासारखी चित्रं काढणं? वडिलांना यातलं काय म्हणायचं होतं हे विचारायला वेळच मिळाला नाही. त्या मुलीने दोन्ही अर्थ घेतले आणि पुढची 38 वर्षं दोन्ही निभावत राहिली.

ही मुलगी म्हणजे वांडा गाग. 1928 साली आलेलं तिचं 'मिलियन्स ऑफ कॅट्स' हे मुलांसाठीचं पुस्तक आजही छापलं जातं आणि आजही विकलं जातं. अजूनही छापात असलेलं सर्वात जुनं अमेरिकी चित्रपुस्तक अशी त्याची ओळख आहे. पण अनेकांना फक्त मांजरांचं पुस्तक माहीत असतं. ते काढणारी बाई तिच्या काळातली नावाजलेली छापाचित्रकारही होती, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

पोटमाळ्यावरचा स्टुडिओ

वांडाचा जन्म 11 मार्च 1893 चा. न्यू उल्म हे जर्मन भाषिक स्थलांतरितांनी वसवलेलं गाव. वांडाचे वडील आंतोन मूळचे बोहेमियातले, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातले. घरात जर्मनच बोललं जायचं. वांडा इंग्रजी शिकली ती शाळेत गेल्यावर.

आंतोन गाग हाडाचे चित्रकार होते. पण छोट्या गावात चित्रांवर पोट कसं भरणार? त्यामुळे ते चर्चच्या आणि लोकांच्या घरांच्या भिंती सजवायचे, फोटोग्राफीही करायचे. आठवडाभर हे काम आणि रविवारी घराच्या पोटमाळ्यावर स्वतःची चित्रं. या घराच्या छताला त्यांनी उजेडासाठी खास काचेची खिडकी बसवून घेतली होती.

घरातली सगळीच मुलं चित्रं काढायची, गोष्टी रचायची. वांडाने पुढे सांगितलंय की, चित्र काढणं ही काही विशेष गोष्ट आहे हे तिला लहानपणी माहीतच नव्हतं. सगळ्यांच्याच घरात असं असणार, असं तिला वाटायचं.

आईच्या माहेरची माणसं गावाजवळच्या शेतावर राहायची. तिथली जुनी खुर्ची, भांडी, कंदील, चूल, सूत कातायचा चरखा आणि आजी-मावशांच्या तोंडून ऐकलेल्या जर्मन लोककथा हे सगळं वांडाच्या डोक्यात पक्कं बसलं. तिच्या चित्रांमध्ये आणि पुस्तकांमध्ये पुढे हेच सगळं पुन्हा पुन्हा येत राहिलं.

महिन्याला 8 डॉलर आणि 7 मुलं

वडील गेले तेव्हा घरात फारसं काही शिल्लक नव्हतं. स्थानिक प्रशासनाकडून महिन्याला 8 डॉलर मदत मिळायची. आई सतत आजारी, त्यामुळे घरकाम आणि धाकट्या भावंडांना सांभाळणं वांडाकडे आलं. मध्ये काही काळ तिला शाळेतून घरीच थांबावं लागलं.

गावातल्या लोकांनी सल्ला दिला तो अपेक्षित असाच होता. मोठ्या मुलीने शाळा सोडावी, एखाद्या दुकानात काम धरावं, चित्रं वगैरे नंतर बघता येतील.

वांडाने तो ऐकला नाही. आपण शाळा पूर्ण करणार आणि आपली भावंडंही शाळा पूर्ण करणार, असं तिने ठरवलं होतं. पैशांसाठी तिने चित्रांचाच आधार घेतला. मिनियापोलिसच्या एका वृत्तपत्राच्या बालपुरवणीला ती चित्रं आणि गोष्टी पाठवायची. शुभेच्छापत्रं रंगवायची, मेजवानीच्या टेबलावर पाहुण्यांच्या नावाची जी कार्डं ठेवतात ती बनवून विकायची.

कोणत्या चित्राचे किती पैसे आले हे लिहायला तिने एक जुनी जमाखर्चाची वही घेतली. हळूहळू त्या हिशेबाच्या मध्ये मनातलंही उतरायला लागलं आणि त्या वहीची डायरी झाली. डायरीत ती तिच्या 'ड्रॉइंग मूड'बद्दल लिहिते. चित्र काढायची तल्लफ आली की तिला दुसरं काही सुचायचं नाही आणि नेमकं तेव्हाच घरात धुणी-भांडी पडलेली असायची, कुणीतरी बाळ रडत असायचं.

1912 साली तिने शालेय शिक्षण पूर्ण केलं. त्यानंतर वर्षभर एका खेड्यातल्या शाळेत शिकवलं. पाठच्या बहिणीही शाळा संपवून शिक्षिका झाल्या आणि घराला हातभार लावू लागल्या. मग 1913 मध्ये वांडा सेंट पॉलच्या आणि 1914 मध्ये मिनियापोलिसच्या कलाशाळेत शिकायला गेली. तिचं काम पाहून काही सधन लोकांनी तिच्या शिक्षणाचा खर्च उचलला होता.

न्यूयॉर्कची स्कॉलरशिप, पण त्याआधी आणखी एक धक्का

1917 साल वांडासाठी एकाच वेळी वाईट आणि चांगलं ठरलं. वर्षाच्या सुरुवातीलाच आई गेली. आता सातही मुलं पोरकी झाली होती आणि कुटुंबप्रमुख होती 23 वर्षांची वांडा.

त्याच वर्षी तिला न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीग या नामवंत कलासंस्थेची स्कॉलरशिप मिळाली. जायचं की नाही? न्यू उल्ममध्ये थांबून भावंडांना सांभाळावं, की शहरात जाऊन इतकं कमवावं की त्यांना सांभाळता येईल? वांडाने दुसरा मार्ग निवडला. पुढे न्यू उल्ममधलं घर विकून भावंडं मिनियापोलिसला राहायला आली.

न्यूयॉर्कमध्ये ती एचिंग शिकली. धातूच्या पत्र्यावर सुईने कोरून, तो आम्लात बुडवून छाप घेण्याचं हे तंत्र. पण फक्त शिकत राहणं परवडणारं नव्हतं. शिक्षण संपवून ती व्यावसायिक कामाला लागली. लॅम्पशेड रंगवणं, फॅशनच्या जाहिरातींसाठी चित्रं काढणं असं पडेल ते काम केलं. मुलांसाठी गोष्टींची चित्रं असलेले खोके बनवून विकण्याचा एक धंदाही भागीदारीत काढला. तो बुडाला.

तरी पैसे येत होते आणि घरी पाठवले जात होते. सगळी भावंडं शाळेतून उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. वडिलांच्या शब्दांचा एक अर्थ पूर्ण झाला होता.

दुसऱ्या अर्थाचं मात्र काहीच झालं नव्हतं. आपण फॅशनच्या बायका काढतोय, आपली चित्रं कुठे आहेत, हा प्रश्न तिला छळत होता.

चालू कमाई सोडून शेतावर

1923 मध्ये वांडाच्या चित्रांचं प्रदर्शन न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत भरलं. त्याच सुमारास तिने एक धाडस केलं. नियमित पैसे देणारं जाहिरातींचं काम सोडलं आणि ती गावाकडे राहायला गेली. आधी कनेटिकट आणि मग 1925 पासून न्यू जर्सीतलं एक जुनं, मोडकळीला आलेलं घर. त्याचं नाव तिने ठेवलं 'टम्बल टिंबर्स', म्हणजे साधारण 'पडकी लाकडं'.

इथे ती भाजीपाला लावायची, कमीत कमी खर्चात राहायची आणि समोर दिसेल ते काढायची. टेकड्या, झाडं, जिना, दिवा, चूल, पडकी भिंत. धाकटा भाऊ हॉवर्ड आणि सर्वात धाकटी बहीण फ्लेविया हेही तिच्यासोबत राहायचे.

तिच्या चित्रातली एकही वस्तू स्थिर वाटत नाही. घराच्या भिंती श्वास घेतल्यासारख्या फुगतात, टेकड्या लाटांसारख्या उसळतात, दिव्याचा उजेड खोलीभर घुमत जातो. दोन वस्तूंच्या मधली रिकामी जागा खरंच रिकामी नसते, तिलाही आकार असतो, असं वांडाचं म्हणणं होतं. ती रिकामी जागाच तिला काढायची होती.

यासाठी तिने एक भन्नाट माध्यम शोधलं, सँडपेपर. सुतार लाकूड घासायला वापरतात तोच खरखरीत कागद. त्यावर काढलेल्या चित्रात रेषा सलग उमटत नाही, कणाकणाने चमकते. त्यामुळे अख्खं चित्र थरथरल्यासारखं दिसतं.

लिथोग्राफ म्हणजे नेमकं काय?

वांडाची ओळख मुख्यतः लिथोग्राफ या छापाचित्रांसाठी आहे. मराठीत याला शिळाछाप म्हणतात. आपल्याकडे एकेकाळी पोथ्या शिळाप्रेसवर छापल्या जायच्या. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून घरोघरी पोहोचलेली देवदेवतांची रंगीत चित्रंही याच तंत्राने छापलेली.

हे तंत्र एका साध्या गोष्टीवर चालतं. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही.

गुळगुळीत केलेल्या दगडावर मेणकट खडूने चित्र काढायचं. मग दगडावर रासायनिक प्रक्रिया करून तो ओला करायचा. कोऱ्या भागावर पाणी राहतं, मेणकट भागावर राहत नाही. आता तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्राला चिकटते. वर कागद ठेवून दाब दिला की छाप तयार. दगडाऐवजी जस्ताचा पत्राही वापरता येतो. तो हलका असल्याने ने-आण करायला सोपा जातो. वांडानेही असे पत्रे वापरले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. छापाचित्र म्हणजे मूळ चित्राची झेरॉक्स नव्हे. दगडावर किंवा पत्र्यावर चित्रकार स्वतः काढतो तेच मूळ काम असतं आणि त्यातून निघणारी मोजकी प्रत्येक प्रत अस्सल मानली जाते. म्हणूनच ती तैलचित्रापेक्षा स्वस्त पडते आणि सामान्य माणूसही एखादी विकत घेऊ शकतो.

1926 मध्ये न्यूयॉर्कच्या वाइही गॅलरीत वांडाचं स्वतंत्र प्रदर्शन झालं. गॅलरीचे संचालक कार्ल झिग्रोसर हे छापाचित्रांचे मोठे जाणकार होते. त्यांनी वांडाला उचलून धरलं आणि ते शेवटपर्यंत तिचे मित्र राहिले. न्यूयॉर्कमधल्या उंचावरून धावणाऱ्या रेल्वेचं स्थानक दाखवणारं 'एलिव्हेटेड स्टेशन' हे तिचं गाजलेलं चित्र याच वर्षीचं. तिने आयुष्यात शंभराहून जास्त छापाचित्रं केली. त्यातली कित्येक आज अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत.

'आधुनिक बाई' कशी घडली?

1926-27 मध्ये 'द नेशन' या अमेरिकी साप्ताहिकाने एक लेखमाला चालवली. आजची स्वतंत्र विचारांची बाई कशी घडली, हे त्या बायकांनीच निनावी लिहायचं. त्यातला एक लेख वांडाचा होता. आपल्या घरातल्या बायका, आपल्या बहिणी आणि आपण पुरुषांच्या आधाराशिवाय कशा उभ्या राहिलो, हे तिने त्यात लिहिलं.

लग्न आणि मुलं याबाबत तिचं मत ठाम होतं. भावंडांच्या रूपाने आईपण तिने पंधराव्या वर्षीच अनुभवलं होतं. आता वेळ चित्रांसाठी हवा होता. अर्ल हम्फ्रीज हा तिचा अनेक वर्षांचा जोडीदार. पण दोघांनी लग्न केलं ते थेट 1943 मध्ये, वांडा 50 वर्षांची असताना. 2026 मध्येही अनेक घरांत हा निर्णय सहज पचणार नाही, ही तर शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट.

खोक्यातली मांजरं बाहेर कशी आली?

न्यूयॉर्कच्या दिवसांत वांडाने मुलांसाठी काही गोष्टी लिहून प्रकाशकांना पाठवल्या होत्या. त्या साभार परत आल्या. तिने त्या एका खोक्यात टाकून दिल्या.

1928 मध्ये कॉवर्ड-मॅकॅन ही नवी प्रकाशन संस्था मुलांची पुस्तकं काढायच्या तयारीत होती. तिथल्या संपादक अर्नेस्टिन इव्हान्स यांनी वांडाची छापाचित्रं पाहिली होती. इतकी जिवंत चित्रं काढणाऱ्या बाईने मुलांचं पुस्तक केलं तर, असं त्यांना वाटलं. विचारणा केल्यावर कळलं की, वांडाकडे गोष्टी आधीच तयार आहेत, खोक्यात पडून आहेत. त्यातलीच एक होती 'मिलियन्स ऑफ कॅट्स'.

गोष्ट अशी. एक म्हातारा आणि एक म्हातारी. घर छान, पण दोघं एकटी. म्हातारीला हवं असतं एक मांजर. म्हातारा शोधायला निघतो आणि पोहोचतो थेट मांजरांनी भरलेल्या टेकडीवर. प्रत्येक मांजर आधीच्यापेक्षा सुंदर. कुणाला सोडायचं? तो सगळीच घेऊन निघतो. वाटेत ती मांजरं अख्खं तळं पिऊन टाकतात, टेकड्यांवरचं गवत फस्त करतात. इतक्यांना खायला घालणार कोण, म्हणून म्हातारी म्हणते, तुमच्यातलं सगळ्यात सुंदर कोण ते तुम्हीच ठरवा. झालं, भांडण जुंपतं आणि मांजरं एकमेकांना खाऊन टाकतात. उरतं फक्त एक हडकुळं, घाबरलेलं पिल्लू. ते स्वतःला सुंदर समजतच नव्हतं, म्हणून कुणी त्याच्या वाटेला गेलं नाही. म्हातारा-म्हातारी त्याला दूध पाजतात, प्रेमाने वाढवतात आणि बघता बघता ते गोजिरवाणं होतं.

लाईक मोजण्याच्या काळात ही गोष्ट जरा जास्तच लागू पडते, नाही का?

या पुस्तकात वेगळं काय होतं?

तोपर्यंतच्या बऱ्याच मुलांच्या पुस्तकांत एका पानावर मजकूर आणि समोरच्या पानावर चित्र अशी सरळ वाटणी असायची. वांडाने उघडलेली दोन्ही पानं मिळून एकच चित्र मानलं. म्हातारा डावीकडून निघतो, टेकड्या ओलांडत उजवीकडे जातो आणि मजकूर त्याच वाटेने वळतो. वाचणाऱ्याचा डोळा चित्राबरोबर चालत राहतो.

रंग एकच, काळा. छापील टाइप नाही. सगळी अक्षरं भाऊ हॉवर्डने हाताने लिहिलेली. त्यामुळे अक्षरं आणि चित्रं एकाच हातातून उतरल्यासारखी वाटतात. वरून एकच ओळ पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे अक्षरओळख नसलेलं मूलही दुसऱ्या वाचनाला सोबत म्हणायला लागतं. हा गुण आजी-मावशांनी सांगितलेल्या गोष्टींमधून आलेला.

1929 मध्ये या पुस्तकाला न्यूबेरी ऑनर मिळाला. न्यूबेरी हा अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार. तो मजकुरासाठी दिला जातो, त्यामुळे चित्रपुस्तकाला हा मान मिळणं दुर्मीळ मानलं जातं. चित्रपुस्तकांसाठी स्वतंत्र असा कॅल्डेकॉट पुरस्कार सुरू व्हायला तेव्हा अजून बरीच वर्षं बाकी होती. तो पहिल्यांदा दिला गेला 1938 मध्ये.

यश आलं, वेळ गेला

मांजरांच्या पाठोपाठ 1929 मध्ये 'द फनी थिंग', 1931 मध्ये 'स्निपी अँड स्नॅपी' आणि 1933 मध्ये 'द एबीसी बनी' आलं. अक्षरओळखीच्या या शेवटच्या पुस्तकातली चित्रं लिथोग्राफ होती. अक्षरं पुन्हा हॉवर्डची, सोबतच्या गाण्याची चाल फ्लेवियाची. म्हणजे पुस्तक अख्ख्या कुटुंबाचं. त्यालाही न्यूबेरी ऑनर मिळाला.

1931 मध्ये वांडाने न्यू जर्सीतच स्वतःचं शेतघर विकत घेतलं. नाव ठेवलं 'ऑल क्रिएशन', अवघी सृष्टी. महिन्याच्या 8 डॉलरवर वाढलेल्या मुलीचं आता स्वतःचं घर आणि स्वतःचा स्टुडिओ होता.

पण इथे जुनाच पेच नव्या रूपात समोर आला. महामंदीच्या काळात छापाचित्रं फारशी विकली जात नव्हती. पैसे पुस्तकांतून येत होते. एका पुस्तकाला कित्येक महिने लागायचे, कारण वांडा एकेक चित्र अनेकदा नव्याने काढायची. मुलांसाठी आहे म्हणून कमी मेहनत चालेल, हे तिला मान्य नव्हतं. या सगळ्यात स्वतःच्या छापाचित्रांसाठीचा वेळ मागे पडत गेला. आधी फॅशनच्या जाहिरातींनी जो वेळ खाल्ला, तो आता तिच्याच लाडक्या पुस्तकांनी खाल्ला. फरक इतकाच की, यावेळी ते कामही तिचं स्वतःचं होतं.

डिस्नेची स्नो व्हाइट आणि वांडाची

1930 च्या दशकात वांडा लहानपणीच्या जर्मन गोष्टींकडे वळली. 1935 मधलं 'गॉन इज गॉन' हे आजही वाचावं असं पुस्तक. एका शेतकऱ्याला वाटतं, आपण शेतात राबतो आणि बायको घरात आरामात असते. तो म्हणतो, एक दिवस कामाची अदलाबदल करू. बायको मजेत शेतात जाते. इकडे नवऱ्याच्या हातून घरात असा काही गोंधळ उडतो की, संध्याकाळी तोच हात जोडतो. वांडाने ही गोष्ट लहानपणी आजीकडून ऐकली होती.

1936 मध्ये 'टेल्स फ्रॉम ग्रिम' आलं. ग्रिम बंधूंच्या कथा तिने मूळ जर्मनमधून स्वतः इंग्रजीत आणल्या आणि स्वतःच चित्रं काढली.

मग 1937 च्या अखेरीस डिस्नेचा 'स्नो व्हाइट' सिनेमा आला आणि त्याने जग जिंकलं. मूळ कथा त्यात बरीच बदलली होती. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या बालविभागाच्या प्रमुख ॲन कॅरोल मूर यांनी वांडाला मूळ कथेवर पुस्तक करायला सुचवलं. 1938 मध्ये तिची 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' आली.

एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. सिनेमात बुटक्यांचं घर घाणेरडं असतं आणि स्नो व्हाइट ते झाडूनपुसून लख्ख करते. ग्रिमच्या कथेत बुटक्यांचं घर आधीच नीटनेटकं असतं. वांडाने मूळ कथेची वाट धरली. या पुस्तकाला कॅल्डेकॉट ऑनर मिळाला. 1941 मध्ये आलेल्या 'नथिंग ॲट ऑल' या अदृश्य कुत्र्याच्या पिल्लाच्या रंगीत पुस्तकालाही तोच मान मिळाला.

शेवटचं काम

1940 मध्ये वांडाने आपल्या 1908 ते 1917 या काळातल्या डायऱ्या 'ग्रोइंग पेन्स' नावाने प्रसिद्ध केल्या. तेव्हा ती प्रसिद्ध लेखिका-चित्रकार होती. गरिबीचे दिवस झाकून ठेवणं सोपं होतं. तिने ते तसेच छापले. एका गरीब मुलीला चित्रकार व्हायचं असेल तर रोज कशाकशाशी झगडावं लागतं, याची ती नोंद आहे.

यानंतर तब्येत ढासळत गेली. फुप्फुसाचा कर्करोग झाला. तशातही ती ग्रिमच्या आणखी गोष्टींवर काम करत होती. 27 जून 1946 रोजी न्यूयॉर्कमध्ये वांडाचं निधन झालं. वय फक्त 53.

ते पुस्तक 1947 मध्ये 'मोर टेल्स फ्रॉम ग्रिम' नावाने आलं. त्यातल्या काही चित्रांवर शेवटचा हात फिरवायचा राहूनच गेला होता.

आज वांडा गाग कुठे भेटते?

न्यू उल्ममधलं तिचं लहानपणीचं घर जपून ठेवलेलं आहे आणि पाहता येतं. छतावर काचेची खिडकी असलेलं हेच ते घर. तिच्या डायऱ्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पुस्तकांची मूळ चित्रं आणि हस्तलिखितं मिनेसोटा विद्यापीठाच्या बालसाहित्य संग्रहात आहेत.

1 जानेवारी 2024 पासून अमेरिकेत 'मिलियन्स ऑफ कॅट्स' स्वामित्वहक्कातून मुक्त झालं. म्हणजे तिथे आता ते कुणीही छापू शकतं, त्याचं रूपांतर करू शकतं.

आणि तिचं आडनाव? ते अनेकजण 'गॅग' असं वाचतात. वांडाला ते आवडायचं नाही. म्हणून आडनावातल्या स्वरावर तिने एक छोटी तिरकी रेघ काढायला सुरुवात केली. उच्चार 'गाग'च व्हायला हवा.

थोडक्यात वांडा गाग

- जन्म : 11 मार्च 1893, न्यू उल्म, मिनेसोटा
- मृत्यू : 27 जून 1946, न्यूयॉर्क
- माध्यमं : लिथोग्राफ, एचिंग, लाकडावरची कोरीव छापाचित्रं, सँडपेपरवरची चित्रं
- गाजलेली पुस्तकं : 'मिलियन्स ऑफ कॅट्स' (1928), 'द एबीसी बनी' (1933), 'गॉन इज गॉन' (1935), 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' (1938), 'नथिंग ॲट ऑल' (1941)
- डायरी : 'ग्रोइंग पेन्स' (1940)
- मुख्य सन्मान : दोनदा न्यूबेरी ऑनर, दोनदा कॅल्डेकॉट ऑनर

वांडाच्या जाण्यानंतर तिचं काम कुणी पुढे नेलं, असंही विचारता येईल. वडील गेले तेव्हा जेमतेम वर्षाची असलेली फ्लेविया मोठी होऊन मुलांची पुस्तकं लिहू लागली आणि त्यांतली चित्रंही स्वतःच काढू लागली.